मंगळवार पेठेतल्या गच्चीवर वेधशाळा: शहराच्या उजेडात तिचा उपयोग काय?

नवी दुर्बीण घरी आली की पहिला महिनाभर ती रोज गच्चीवर जाते. मग फक्त शनिवार-रविवारी. मग कधीतरी. वर्षभराने ती जिन्याखाली जाऊन बसते आणि घरचे विचारायला लागतात, "एवढे पैसे घातले, त्याचं काय झालं?"

बहुतेक वेळा आवड संपलेली नसते. दर वेळी तिपाई, माउंट, वजनं, नळी, कॅमेरा, लॅपटॉप आणि वायरींचं भेंडोळं तीन मजले वर चढवायचा कंटाळा आलेला असतो. सगळं जोडून, ध्रुवाकडे रोखून, फोकस करून पहिला फोटो निघेपर्यंत तासभर जातो. आवरायला आणखी अर्धा तास. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायचं असेल तर हे गणित जमत नाही.

म्हणूनच अनेक हौशी आकाशनिरीक्षक घराच्या परसात किंवा गच्चीवर कायमची छोटी वेधशाळा बांधतात. पण एका बाजूला मिरजकर तिकटी, दुसऱ्या बाजूला खासबाग मैदान आणि मधे भिंतीला भिंत लागून घरं, अशा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत हे जमेल का? आणि जमलं तरी एवढ्या उजेडात त्याचा फायदा काय? समजून घेऊया.

घरची वेधशाळा म्हणजे नेमकं काय?

वेधशाळा म्हटलं की गोल घुमट डोळ्यांसमोर येतो. घरच्या वेधशाळेला घुमट असायलाच हवा असं नाही. तिला तीन गोष्टी लागतात.

पहिली, दुर्बिणीसाठी एक न हलणारा खांब. याला पिअर म्हणतात. दुसरी, पाऊस, ऊन आणि धूळ अडवणारं, पण हवं तेव्हा बाजूला सरकणारं छप्पर. तिसरी, कायमची वीजजोडणी आणि एक छोटा संगणक.

दुर्बीण खांबावर कायम बसलेली असते. तिची दिशा एकदाच नीट लावलेली असते. छप्पर सरकवलं की दहा मिनिटांत काम सुरू. कॅमेरा आणि माउंट खालच्या खोलीतून लॅपटॉपवर चालवता येतात.

शहरात दिसणार काय?

आकाशाचा अंधार मोजायची एक पद्धत आहे. आकाशाचा एवढासा तुकडा किती तेजस्वी आहे, हे 'प्रत' या एककात मोजतात. आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त. चांगल्या अंधाऱ्या जागी हा आकडा २१ च्या पुढे असतो. उजळलेल्या शहरात तो १८ च्या आसपास येतो.

फरक फक्त ३ चा वाटतो. पण प्रत १ ने बदलली की उजेड सुमारे अडीच पट बदलतो. म्हणजे ३ प्रतींचा फरक जवळपास १६ पट. अंधूक दीर्घिकेचा जो फोटो गगनबावड्यासारख्या अंधाऱ्या जागी १ तासात येईल, तसाच फोटो शहरातून काढायला ढोबळमानाने १६ तास लागतील.

हे वाचून वेधशाळेचा विचार सोडून द्यावासा वाटेल. पण गणिताची दुसरी बाजूही बघा. गगनबावडा कोल्हापूरपासून सुमारे ५५ किलोमीटर. जाणं-येणं, सोबत कुणीतरी, अमावास्येच्या जवळची सुट्टी आणि त्याच दिवशी निरभ्र आकाश, हे सगळं वर्षातून किती वेळा जुळतं? घरच्या वेधशाळेत १६ तास म्हणजे रोज ३ तासांप्रमाणे सहा रात्री. त्याही सलग असायची गरज नाही. आज काढलेले फोटो आणि महिन्यानंतरचे फोटो संगणकावर एकत्र करता येतात.

त्यामुळे गच्चीवरच्या वेधशाळेने आकाश काळं होत नाही, तुम्हाला वेळ मिळतो. हा वेळ तुम्ही खरंच वापरणार असाल तरच बांधकामाचा खर्च वसूल होतो.

उजेडाचा फरक सगळ्याच गोष्टींना सारखा पडत नाही. चंद्र, गुरू, शनी, जोडतारे आणि रूपविकारी तारे शहरातूनही उत्तम दिसतात. सूर्यावरचे डाग बघायला तर अंधार लागतच नाही. फक्त दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर प्रमाणित सौर फिल्टर बसवल्याशिवाय सूर्याकडे दुर्बीण रोखू नये, एका क्षणात दृष्टी जाऊ शकते.

तेजोमेघांसाठीही उपाय आहे. मृगातला तेजोमेघ किंवा रोझेट तेजोमेघ ठरावीक रंगांतच चमकतात. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६.३ नॅनोमीटरचा आणि ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश ५००.७ नॅनोमीटरचा. फक्त हेच रंग आत सोडणारे नॅरोबँड फिल्टर लावले की शहराचा बराचसा उजेड बाहेर राहतो. दीर्घिकांचं मात्र तसं नाही. त्यांच्यात सगळे रंग असतात, त्यामुळे फिल्टर फारसा कामी येत नाही. पूर्वीचे पिवळे सोडियमचे दिवे मोजक्या रंगांत उजेड टाकायचे, तो गाळणं सोपं होतं. आजच्या पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरतो.

कोल्हापूरच्या अक्षांशाचा फायदा आणि तोटा

कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. युरोप-अमेरिकेतले वेधशाळा बांधण्याचे व्हिडिओ बघून आपण तसंच करायला जातो, तिथे हा आकडा आडवा येतो.

आधी फायदा. आकाशगंगेचं केंद्र इथून दक्षिणेला सुमारे ४४ अंश उंच येतं. लंडनमधून तेच क्षितिजालगत कसंबसं दिसतं. ओमेगा सेंटॉरी हा भव्य तारकागुच्छ इथे सुमारे २६ अंश उंचीवर येतो, तर कॅरिना तेजोमेघ १३-१४ अंशांवर. त्यामुळे गच्चीवरून दक्षिण दिशा मोकळी असेल तर तो ठेवा आहे.

आता तोटा. एखाद्या ठिकाणाहून ध्रुवतारा जितका उंच दिसतो तितकाच त्या ठिकाणाचा अक्षांश असतो. म्हणजे कोल्हापुरात ध्रुवतारा अवघा १६.७ अंश वर. तुमच्या दुर्बिणीपासून २० फुटांवर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी असेल आणि ती दुर्बिणीपेक्षा ६ फूट उंच असेल, तर ती बरोबर ध्रुवताऱ्यावरच येते. पेठेत अशा टाक्यांची काही कमी नाही.

यावर मार्ग आहे. निना नावाच्या मोफत सॉफ्टवेअरला एक जोड मिळते. ती आकाशाच्या मोकळ्या भागाचे तीन फोटो घेऊन, त्यातले तारे ओळखून माउंट किती चुकलाय ते सांगते. ध्रुवतारा दिसायची गरजच राहत नाही. कायमच्या खांबावर हे काम एकदा नीट केलं की मग अधूनमधून तपासलं तरी पुरतं.

माउंट विकत घेताना आणखी एक गोष्ट विचारा: तो किती कमी अक्षांशापर्यंत झुकतो? काही विषुववृत्तीय माउंट २० अंशांच्या खाली येतच नाहीत. काहींची वजनाची दांडी इतक्या कमी कोनात तिपाईच्या पायाला अडकते. पैसे भरल्यानंतर हे कळण्यात अर्थ नाही.

बांधायच्या आधी क्षितिज मोजा

क्षितिज मोजणं कोल्हापूरकरांना नवं नाही. अंबाबाईच्या मंदिरात दरवर्षी ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबरला किरणोत्सव होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात का, आणि वाटेत कुठली इमारत आडवी येते, यावर शहरात दर वेळी चर्चा होते. घरच्या वेधशाळेसाठी हेच काम चारही दिशांना करायचं आहे.

मोबाइलवरचं कोनमापक ॲप घ्या. खांबाच्या नियोजित जागी उभं राहून दर १५-२० अंशांवर अडथळा किती उंच आहे ते लिहून घ्या. स्टेलॅरियम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या गच्चीचं क्षितिज टाकता येतं. मग कुठला तारा कधी, किती वेळ दिसेल हे बांधकामाआधीच कळतं. हे करताना रस्त्यावरचे दिवे कुठून थेट डोळ्यांत येतात तेही बघा. वेधशाळेची भिंत त्या बाजूला थोडी उंच घेतली की सरळ येणारा उजेड अडतो.

खांब: सगळ्यात महत्त्वाचं काम

पृथ्वी फिरते, त्यामुळे तारे दर सेकंदाला जवळपास १५ विकला सरकतात. १ विकला म्हणजे १ अंशाचा ३६०० वा भाग.

४०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा घेतला, तर एका पिक्सेलमध्ये सुमारे १.९ विकला येतात. (पिक्सेलच्या मायक्रॉनना २०६.३ ने गुणून मिलिमीटरमधल्या नाभीय अंतराने भागलं की हा आकडा मिळतो.) म्हणजे माउंट बंद असेल तर एका सेकंदात तारा सुमारे ८ पिक्सेल सरकतो. कित्येक मिनिटांचा फोटो घेताना माउंटने ही गती इतकी अचूक काढून टाकायला हवी की तारा एका-दोन पिक्सेलच्या बाहेर जाता कामा नये. खालून खांबच हलत असेल तर महागडा माउंटही काही करू शकत नाही.

म्हणूनच परसात बांधताना खांबाचा पाया जमिनीत वेगळा घेतात आणि आजूबाजूच्या फरशीला तो चिकटू देत नाहीत. गच्चीवर ही सोय नसते. तिथे नियम एकच: खांब स्लॅबच्या मधोमध नको, खालच्या कॉलमच्या बरोबर वर हवा.

आपल्याकडच्या घरांना इथे एक सोय आपोआप मिळते. पुढेमागे मजला चढवायचा म्हणून अनेक गच्च्यांवर कॉलमच्या सळ्या वर सोडलेल्या असतात. त्याच सळ्यांभोवती काँक्रीटचा खांब ओतता येतो आणि त्यावर माउंटसाठी लोखंडी प्लेट बसवता येते. सळ्या गंजलेल्या आहेत का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.

खांब गरजेपेक्षा उंच करू नका. उंची दुप्पट केली की तेवढ्याच धक्क्याने खांबाचा माथा सुमारे ८ पट जास्त वाकतो. कठड्याच्या वर दुर्बीण दिसली की पुरे.

जुन्या कौलारू वाड्यात राहत असाल आणि वर लाकडी माडी असेल, तर गच्चीचा विचार सोडा. माडीवर कुणी चाललं तरी तारा नाचेल. परसात जमिनीवरून खांब उचलणं हाच तिथला मार्ग.

छप्पर: कोल्हापूरचा पाऊस लक्षात ठेवून

सरकतं छप्पर बनवायला सगळ्यात सोपं. लोखंडी अँगलचा सांगाडा, वर पत्रा, खाली चाकं आणि चॅनेलचा रूळ. शिवाजी उद्यमनगरातल्या कारागिरांना यात अवघड काही नाही. खांबावरची प्लेट लेथवर काढणं, बेअरिंगची चाकं बसवणं ही त्यांची रोजची कामं. दादासाहेब फाळक्यांचा कॅमेरा परदेशातून आला होता, त्याच काळात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोल्हापुरातच सिनेमाचा कॅमेरा तयार केला. यंत्र इथे बनवून घ्यायची सवय या शहराला जुनी आहे.

जागेचं गणित मात्र बघा. ८ बाय ८ फुटांच्या खोलीचं छप्पर पूर्ण सरकायला आणखी ८ फूट रूळ लागतो. म्हणजे गच्चीची १६ फूट लांबी गेली. एवढी जागा नसेल तर छप्पर दोन भागांत दोन्हीकडे सरकवा, किंवा खोलीच करू नका. दुर्बिणीवर बसणारी, चाकांवर सरकणारी एक पेटीच बनवा आणि स्वतः खालच्या खोलीत बसा.

छप्पर करताना या चुका टाळा:

पत्रा नुसता वर ठेवू नका. वळवाच्या वाऱ्यात तो उडून शेजारच्यांच्या अंगणात जाईल. बंद असताना आणि उघडं असतानाही त्याला कड्या हव्यात.

स्लॅबला भोकं पाडू नका. एकदा वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या खोलीत गळती सुरू होते आणि वेधशाळेला घरातून असलेला पाठिंबा पहिल्याच पावसात संपतो. सांगाडा कठड्याला किंवा वजनदार काँक्रीट ठोकळ्यांना बांधा.

इथला पाऊस आडवा येतो. पत्र्याची कड भिंतीच्या बाहेर वीतभर तरी खाली उतरू द्या.

रंग पांढरा द्या. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पत्रा रात्री उष्णता सोडतात, वरची हवा थरथरते आणि ग्रह उकळल्यासारखे दिसतात. सूर्य मावळल्याबरोबर छप्पर उघडून ठेवलं तर फरक पडतो.

जून ते सप्टेंबर वेधशाळा जवळपास बंदच राहणार. या काळात कॅमेरा, भिंगं आणि माउंट खाली घरात आणा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते आणि तिचे डाग कधीकधी कायमचे राहतात. एप्रिल-मेमध्ये विजा चमकायला लागल्या की सगळे प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

कॅमेरा आणि फोटोचं काम

शहरातून एक लांबलचक फोटो काढला तर तो पांढरा पडतो. म्हणून छोटे छोटे अनेक फोटो काढून ते एकावर एक रचतात. याला स्टॅकिंग म्हणतात. १०० फोटो रचले की फोटोतला कचरा, म्हणजे नॉइज, मूळ संकेताच्या तुलनेत १० पट कमी होतो. ४०० रचले तर २० पट. म्हणजे दुप्पट सफाईसाठी चौपट वेळ. घरच्या वेधशाळेचा फायदा इथेच दिसतो.

आपल्याकडच्या गरम रात्रींत साध्या डीएसएलआरचा सेन्सर तापतो आणि नॉइज वाढतो. थंड करता येणारे खगोलीय कॅमेरे सभोवतालच्या तापमानापेक्षा ३०-३५ अंश खाली जाऊ शकतात. पण सुरुवातीला घरात असलेला डीएसएलआर पुरेसा आहे. पैसे आधी माउंटवर घाला, मग कॅमेऱ्यावर. रचण्यासाठी सिरिल आणि डीपस्कायस्टॅकर, माउंटची गती सुधारण्यासाठी पीएचडी२ ही सॉफ्टवेअर मोफत आहेत.

परवानगी आणि शेजारी

स्वतंत्र घर असेल तरी गच्चीवर कायमचं छत उभारण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या. अपार्टमेंटमध्ये गच्ची सगळ्यांची असते, त्यामुळे सोसायटीची लेखी संमती हवी. भावकीचा सामाईक वाडा असेल तर काकांना-चुलत्यांना आधीच विश्वासात घ्या. पहिल्या रात्री शेजाऱ्यांच्या मुलांना शनीची कडी दाखवा. गच्चीवरचा भगभगीत दिवा रात्री बंद ठेवायची विनंती त्यानंतर सहज मान्य होते. दुर्बीण त्यांच्या खिडकीकडे रोखलेली नाही, हेही सगळ्यांना कळतं.

यातून काही हाती लागतं का?

पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, १८८८ साली महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती जवळपास एकहाती चालवली. तिथली २० इंची दुर्बीण अनेक वर्षं देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ टाकला होता. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. चालवणारा माणूस गेला की वेधशाळा थांबते, हे घरच्या वेधशाळेलाही लागू आहे. म्हणून सुरुवातीपासून घरातल्या किंवा गल्लीतल्या आणखी एकाला ती चालवायला शिकवा.

आज मोठ्या दुर्बिणी शहरात लावत नाहीत. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर ज्या आयुकाचे संस्थापक संचालक होते, तिची २ मीटरची दुर्बीण पुण्यात नाही, जुन्नरजवळच्या गिरवलीला आहे. तिच्याशी गच्चीवरची दुर्बीण स्पर्धा करू शकत नाही. पण मोठ्या दुर्बिणींचा वेळ वाटून दिलेला असतो. रोज एकाच ताऱ्याकडे बघत बसणं त्यांना परवडत नाही.

अविभाजित बंगालमधल्या जेसोरचे राधागोविंद चंद्र सरकारी खजिन्यात नोकरी करायचे. त्यांनी छोट्या दुर्बिणींतून रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी करून अमेरिकेतल्या निरीक्षक संघटनेला पाठवल्या.

आणखी जवळचं उदाहरण अर्जेंटिनातल्या रोसारियो शहराचं. व्हिक्टर बुसो हे व्यवसायाने कुलपं-किल्ल्यांचे कारागीर. भरवस्तीत घराच्या छतावर त्यांनी वेधशाळा बांधली. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते नवा कॅमेरा तपासत होते. शहराच्या उजेडामुळे छोटे छोटे फोटो काढत होते. एनजीसी ६१३ या दीर्घिकेच्या त्या फोटोंत एक नवा ठिपका उजळत गेला. तो ताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला प्रकाश होता. २०१८ मध्ये यावरचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला, त्यात बुसोंचंही नाव होतं. हीच दीर्घिका कोल्हापुरातून दक्षिणेला सुमारे ४४ अंश उंच येते.

मग बांधायची का?

आधी वर्षभर दुर्बीण गच्चीवर चढवा. डिसेंबरपासून मेपर्यंत महिन्यातून किमान पाच-सहा रात्री तुम्ही खरंच वर गेलात, तर बांधा. नाही गेलात तर ५० मिलिमीटरच्या सीस्टार एस५० सारखी, बॅगेत मावणारी आणि मोबाइलवर चालणारी स्मार्ट दुर्बीण घ्या आणि ती घेऊन अंधाऱ्या जागी जा. खर्च कमी आणि आनंद जास्त. पैसे घालण्याआधी पुण्याची १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या कार्यक्रमांना जाऊन वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघून या.

बांधणार असाल तर क्रम असा ठेवा: क्षितिज मोजणं, इंजिनिअरचा सल्ला, परवानगी, खांब, माउंट, छप्पर आणि सगळ्यात शेवटी मोठी दुर्बीण.

एक काम मात्र वेधशाळा न बांधणाऱ्यांनाही करता येईल. प्रभागात नवे दिवे लागतील तेव्हा ते वरून झाकलेले आणि ३००० केल्व्हिनपर्यंतच्या पिवळसर उजेडाचे असावेत, असं नगरसेवकांना लेखी द्या. रस्त्यावर उजेड तेवढाच पडतो, आकाशात कमी जातो. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, तीही दिवे बदलण्यापासून सुरुवात करून. मंगळवार पेठ कधी पेंच होणार नाही. पण आकाश अर्ध्या प्रतीने जरी काळं झालं, तरी १६ तासांचं काम १० तासांवर येईल.